समजेल तेवढीच फी

नाट्यगृहाच्या तिकीटखिडकीवरही "शेवटचं किती लावणार?" असं विचारणारा सदानंद तारळेकर बायकोच्या कॉलेजच्या फीला एका मिनिटात "हो" म्हणाला, तेव्हाच पद्मजाला संशय यायला हवा होता. पण माणूस आनंदात असला की त्याला संशय घ्यायचं सुचत नाही.

सांगलीत विश्रामबागेत तारळेकरांचं नळ, पाइप आणि पाण्याच्या टाक्यांचं दुकान होतं. बी.एस्सी.चं दुसरं वर्ष अर्धवट टाकून पद्मजा लग्न होऊन या दुकानाच्या गल्ल्यामागे येऊन बसली होती. तिचं संख्याशास्त्र राहिलं ते राहिलंच. आता ती सत्तेचाळीस वर्षांची होती, मुलगा नोकरीला बंगळूरला होता आणि गल्ल्यावरचं बरंचसं काम यंत्रच करत होतं. अशात एका संध्याकाळी तिला 'सर्वदूर विद्यापीठा'ची जाहिरात दिसली. घरबसल्या पदवी. वयाची अट नाही. आणि खाली ठळक अक्षरांत: 'समजेल तेवढीच फी! नाही समजलं, तर एक पैसाही देऊ नका.'

सदानंदने जेवताना ती जाहिरात दोनदा वाचली.

"हे बरंय," तो म्हणाला. "बाकीची कॉलेजं गठ्ठ्यानं पैसे मागतात. इथं तुला समजेल तेवढंच बिल. म्हणजे फार काही यायचं नाही. घे प्रवेश."

हे तो दुष्टपणाने म्हणाला नाही. अर्धा इंची पाइपचा भाव सांगावा तितक्या सहज म्हणाला आणि त्याने भाताचं पातेलं पुढे ओढलं. पद्मजाही हसली. ते वाक्य तिला लागलं होतं, पण फॉर्म भरून होईपर्यंत काही बोलायचं नाही असं तिने ठरवलं.

ही समज मोजायची कशी, तर त्यामागे खरं शास्त्र होतं. आपण एखाद्या कोड्याशी झटत असतो आणि अचानक "अच्छा, असंय होय!" असं होतं. त्या क्षणाच्या किंचित आधी मेंदूत दोन गोष्टी घडतात. आधी डोळ्यांकडून येणारी माहिती मेंदू जरा बाजूला ठेवतो, एखादं नाव आठवताना आपण डोळे मिटून घेतो ना, तसंच. मग उजव्या कानाच्या वरच्या भागात अतिशय वेगवान विद्युत लहरींची एक उसळी येते. दूरदूरचे धागे तिथे एकदम जुळतात. पूर्वी ही उसळी टिपायला डोक्याला चिकट मलम फासून वायरी लावाव्या लागत. आता केसांना बांधायच्या रिबिनीएवढी पट्टी पुरत होती. उसळी आली की पट्टीतून 'टिंग' असा आवाज यायचा आणि खात्यावर एक 'उमज' चढायची.

पट्टीची एक मर्यादा विद्यापीठाने बारीक अक्षरांत दिली होती. काहीतरी उमजलं एवढंच पट्टीला कळतं, काय उमजलं ते कळत नाही.

एका उमजेचा दर मसाला डोशाएवढा होता. त्यामुळे सदानंद पहिल्यापासून डोशांतच बोलू लागला.

"महिन्याला चार डोसे होतील," त्याने अंदाज बांधला. "फार तर पाच."

पहिल्या महिन्याचं बिल एकशे बारा डोशांचं आलं.

सदानंदने आधी स्वतःचा चष्मा पुसला आणि मग पडदा पुसला. आकडा काही बदलला नाही. त्याने तिथल्या तिथे विद्यापीठाला फोन लावला. तिकडून 'विद्या' नावाचा एक यंत्रातला अतिशय नम्र आवाज आला.

"तुमच्या पट्टीत बिघाड आहे," सदानंद म्हणाला. "आमच्या मंडळींना एवढं समजत नाही."

"क्षमस्व," विद्या म्हणाली. "पत्नीला अपेक्षेपेक्षा जास्त समजणे, ही तक्रार आमच्या कोणत्याच वर्गात बसत नाही. मी तपासनीस पाठवते."

दुसऱ्या दिवशी तपासनीस आला. त्याने पद्मजाची पट्टी काढून सदानंदच्या डोक्याला बांधली आणि तिच्याच अभ्यासातला सरासरीवरचा धडा त्याच्यापुढे लावला. अर्धा तास झाला. पद्मजाने पोहे केले, चहा केला, कपबशा विसळल्या. पट्टी गप्प होती.

"बघा," सदानंद विजयाने म्हणाला. "बंद पडलीय."

"नाही साहेब," तपासनीस कपाच्या तळाशी बघत म्हणाला, "चालू आहे."

पद्मजाला हसू आवरेना म्हणून ती कोथिंबीर आणायच्या निमित्ताने गच्चीवर गेली.

त्यानंतर सदानंदने हद्द घालून दिली: महिन्याला तीस डोसे. त्यापुढे दुकानातून एक पैसा मिळणार नाही. दुकान दोघांचं आहे, असं पद्मजाच्या तोंडावर आलं होतं. पण तो "आपल्या दुकानातून" असं न म्हणता "दुकानातून" म्हणाला, आणि पंचवीस वर्षं गल्ल्यावर बसूनही आपण कधी पगार घेतला नाही, हे आठवून ती गप्प बसली.

मग सुरू झालं जपून समजणं. महिन्याच्या पहिल्या दहा-बारा दिवसांतच तीस डोसे संपत. त्यानंतर तिला धडे नुसते ऐकायचे असत, समजून घ्यायचे नसत. समजणं वाटेत अडवणं शिंक दाबण्याइतकंच अवघड असतं. एखादी गोष्ट उलगडत आली, धागा धाग्याला लागणार असं वाटलं, की ती घाईघाईने दुसरंच काही आठवायची: वाण्याची यादी, नणंदेचा वाढदिवस, मोटार दुरुस्तीला दिलेली तारीख. कधी जमायचं. कधी यादी म्हणता म्हणताच 'टिंग' व्हायचं आणि ती "मेलं!" म्हणून कपाळावर हात मारायची.

त्यात धडे ऐकता ऐकता ती स्वयंपाक करायची, पट्टी जेवतानाही डोक्यालाच राहायची, त्यामुळे अभ्यासाबाहेरचंही बिल लागायचं. एकदा सदानंदने आमटीची तीनदा तारीफ केली. पद्मजाने कालवलेला घास हातातच धरला आणि पट्टी वाजली. नवी स्कूटर घेऊन झाली होती, सांगायचं बाकी होतं.

"आता काय समजलं तुला?" सदानंदने दचकून विचारलं.

"कुठला रंग घेतलात?" पद्मजा म्हणाली. तोही एक डोसा खात्यावर चढला.

असं करत अडीच वर्षं गेली. आता शेवटचं सत्र उरलं होतं आणि घोडं तिथेच अडलं. ठरावीक उमज खात्यावर जमल्याशिवाय शेवटच्या परीक्षेला बसू देत नव्हते, आणि प्रौढ विद्यार्थ्यांना मुदत होती तीन वर्षांची. ती चुकली की सगळं मुळापासून. तीस डोशांच्या हद्दीत राहून ते जमणं शक्यच नव्हतं.

"अहो, या शेवटच्या सत्रापुरती हद्द वाढवा," ती म्हणाली.

"पुढच्या वर्षी बघू," सदानंद म्हणाला.

'पुढच्या वर्षी बघू' हे वाक्य पद्मजाने आधी हंपीच्या सहलीबद्दल ऐकलं होतं, मग ओट्याच्या फरशीबद्दल, मग मानदुखीच्या डॉक्टरांबद्दल. फरशी अजून तीच होती. आता पदवीही त्या रांगेत जाऊन बसणार, या विचाराने तिला रडू आलं. राग तर त्याहून जास्त आला. रागाच्या भरात तिने विद्यापीठाची सगळी नियमावली वाचून काढली आणि तिला सवलतीचा एक नियम सापडला.

विद्यार्थ्याने हवं तर चाचणीच्या पट्ट्या एका दिवसापुरत्या उसन्या मागवाव्यात. त्या लोकांच्या डोक्याला बांधून स्वतः काही समजावून द्यावं. त्या दिवशी समोरच्याला जेवढ्या वेळा उमजेल, त्याची निम्मी किंमत विद्यार्थ्याच्या खात्यात जमा, आणि ती उमजही विद्यार्थ्याच्या नावावर. मात्र दुसऱ्या दिवसापासून पट्टी परत येईपर्यंत होणारी प्रत्येक उमज पूर्ण दराने विद्यार्थ्याच्याच बिलात.

संक्रांत होऊन गेली होती, रथसप्तमी तोंडावर होती. हळदीकुंकवाला कॉलनीतल्या चोवीस बायका दरवर्षी येतच. पद्मजाने चोवीस पट्ट्या मागवल्या. वाण लुटायला स्टीलच्या वाट्या आणून स्वयंपाकघरात खोक्यात ठेवल्या.

रथसप्तमीच्या दुपारी बैठकीत चोवीस बायका डोक्याला पट्ट्या बांधून बसल्या. तिळगूळ झाला, उखाणे झाले, मग पद्मजा उभी राहिली. तिने हळदीकुंकवाचा करंडा हातात घट्ट धरून ठेवला.

"पोळ्यांचं उदाहरण घेऊ," ती म्हणाली. "सुनेच्या पोळ्या रोज साधारण बऱ्या होतात. एखाद्या दिवशी फारच बिघडतात. कणीक सैल, तवा जास्त तापलेला, डोकं ठिकाणावर नाही, सगळंच एकदम. मग सासू बोलते. दुसऱ्या दिवशी पोळ्या बऱ्या होतात. सासूला काय वाटतं?"

"बोलल्यामुळं सुधारली!" तीन-चार सुना एकदम म्हणाल्या.

"आणि एखाद्या दिवशी पोळ्या अगदी पिसासारख्या होतात. सासू कौतुक करते. दुसऱ्या दिवशी पुन्हा नेहमीसारख्या. सासूला काय वाटतं?"

"कौतुक केलं की डोक्यावर बसते," समोरच बसलेल्या गोदाक्का कोष्टी म्हणाल्या. ऐंशीला आलेल्या गोदाक्कांचं हे मत कॉलनीत सगळ्यांना पाठ होतं, त्यांच्या सुनेला तर जास्तच.

"पण अक्का, सगळंच एकदम बिघडलं असा दिवस मुळात क्वचित येतो. सगळंच एकदम जमलं असा दिवसही क्वचितच. अशा दिवसानंतर येणारा दिवस बहुतेक करून नेहमीसारखाच असणार. तुम्ही बोला, नाहीतर गप्प बसा. पोळ्या आपोआप नेहमीच्या जागी येतात आणि श्रेय घेतं आपलं बोलणं."

मग कोपऱ्यात एक टिंग झालं. खिडकीपाशी दोन. आणि मग बैठकभर टिंग, टिंग, टिंग, आरतीला सगळ्यांनी मिळून छोट्या घंटा वाजवाव्यात तसं. सुना हसत होत्या, एकमेकींना टाळ्या देत होत्या. कुणी मुलाच्या गुणांचं विचारलं, कुणी क्रिकेटचं, आणि पद्मजा समजावत गेली. समजायला लागलं की यादी आठवत बसायची सवय जडलेल्या तिच्या मनाला ती दुपार सुटीसारखी वाटली. सगळं शांत झाल्यावर, अगदी शेवटी, गोदाक्कांच्या पट्टीतून एक एकटं टिंग आलं. त्यांनी मान वळवून सुनेकडे पाहिलं आणि हातातली तिळाची वडी तिच्या हातावर ठेवली.

पद्मजाच्या डोळ्यांत पाणी आलं. त्या पाण्यातच तिने सगळ्यांना दारापर्यंत पोचवलं, "पुन्हा या" म्हटलं, परत येऊन कोचावर बसली. शेवटच्या सत्राला लागणारी उमज जमली होती. सवलतही अशी जमा झाली होती की फीचा प्रश्नच उरला नव्हता. मग पाणी प्यायला ती स्वयंपाकघरात गेली आणि वाट्यांचं खोकं तिच्या पायाला लागलं.

ते फोडलेलंच नव्हतं. आनंदाच्या भरात वाण द्यायचं राहून गेलं होतं, आणि बायका पट्ट्यांनाच वाण समजून घरी घेऊन गेल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती वाट्या घेऊन पहिल्या घरी गेली. बँकेत अधिकारी असलेल्या उज्ज्वला गुरव निघायच्या गडबडीत होत्या. पट्टी डोक्यालाच होती.

"अगं, वाण परत मागतात का कुणी?" त्या म्हणाल्या. "तेही सवाष्णीकडून? काहीतरीच तुझं."

"त्याऐवजी ही वाटी घ्या ना, वहिनी."

"वाटी होय? आण की," असं म्हणून त्यांनी वाटीही घेतली.

चार घरी हेच झालं. चार वाट्या गेल्या, पट्टी एकही आली नाही. पद्मजाला पुढे बोलवेना, कारण तिलाही लहानपणापासून तेच शिकवलेलं होतं. वाण दिलं म्हणजे दिलं.

इकडे कॉलनीला उमजायला लागलं. कोण फिरायला म्हणून निघतो आणि भडंगाच्या गाडीपाशी थांबतो, ते कुणाला उमजलं. धाकटी जाऊ नेमकी सणाच्या आदल्या दिवशीच आजारी का पडते, ते कुणाला उमजलं. एकीला ऑफिसच्या भर बैठकीत साहेबाच्या तोंडून स्वतःचं कौतुक ऐकताना पुढच्या बदलीचं गाव उमजलं. जिन्यात, गच्चीत, स्वयंपाकघरात टिंग टिंग चाललेलं होतं आणि प्रत्येक टिंग पूर्ण दराने पद्मजाच्या खात्यावर चढत होतं. आठवडा संपता संपता सवलत तर बुडालीच, वर सदानंदच्या फोनवर बिल आलं.

"आठशे चाळीस डोसे!" तो दुकानातून तसाच घरी आला. "अगं, सगळ्या सांगलीला जेवण घातलंस काय? हे भरलं नाही तर परीक्षा नाही, आणि हे मी भरणार नाही. चल. मी आणतो पट्ट्या परत. माझा काय वाणाशी संबंध?"

उरलेल्या वाट्यांची पिशवी घेऊन पद्मजा नव्या स्कूटरवर मागे बसली. घासाघिशीत आयुष्य काढलेला माणूस, त्याला कॉलनीतली घरं म्हणजे काय, असं तिलाही क्षणभर वाटलं.

उज्ज्वला वहिनींच्या घरी त्याने घसा साफ केला. "वहिनी, ते वाण, म्हणजे ती पट्टी, जरा चुकून..."

"तारळेकर, या ना! तुम्हाला सांगते, आमच्या कॉलेजात असं कुणी शिकवलं असतं ना, तर मी गणिताला अशी घाबरले नसते. तुमच्या घरात केवढी ही हुशारी! पण तुम्हाला काय सांगायचं, तुम्ही रोजच ऐकत असाल."

"हो, म्हणजे..." सदानंद म्हणाला आणि आणखी एक वाटी देऊन बाहेर पडला.

पुढच्या घरी तेच, त्याच्या पुढच्या घरीही तेच. पट्टीचा विषय काढावा, तर बायका पद्मजाचा विषय काढत. तिने काय सांगितलं, कसं सांगितलं, कोणाची मुलगी आता रोज शंका विचारायला येणार आहे. सदानंद दारात उभा राहून ऐकत होता, आणि आपण कुणा तिसऱ्याच बाईबद्दल ऐकतोय असा चेहरा करून मधूनच मागे वळून पद्मजाकडे बघत होता. त्याची घासाघीस एका घरीही सुरू झाली नाही.

शेवटचं घर गोदाक्कांचं. त्या व्हरांड्यात लसूण सोलत होत्या.

"पट्टी व्हय? ने की. माझं वाण तुझ्या घरात आलं म्हणून काय बिघडतंय?" त्या म्हणाल्या. "बावीस वर्सं सुनंला बोलत आले बघ मी. तुझ्या बायकोनं एका दुपारात गप केलं मला. आणि तू काय करत होतास रे इतकी वर्सं? एवढी हुशार बाई नळांच्या दुकानात बसवून ठेवलीस?"

सदानंदच्या एका हातात हेल्मेट होतं आणि दुसऱ्यात पिशवी. गोदाक्कांनी पट्टी डोक्यावरून काढली आणि त्याच्याच डोक्याला बांधून टाकली.

"ऱ्हाऊ दे तिथंच. पडंल नाहीतर."

परतताना शंभर फुटी रस्त्याला विनाचालक रिक्षांची रांग लागली होती, तरी सदानंदने हॉर्न वाजवला नाही. पद्मजा मागे बसून परीक्षेचा विचार करत होती. बिल वाढलेलं, पट्टी परत आली फक्त एक, मुदत संपत आलेली. संपलं सगळं, असं तिने स्वतःला सांगून टाकलं.

आणि पुढून आवाज आला. टिंग.

सदानंदने स्कूटर बाजूला घेतली, उभी केली. मागे वळला नाही.

"पद्मा," तो म्हणाला, "त्या दिवशी जेवताना मी म्हणालो होतो, तुला समजेल तेवढंच बिल, म्हणजे फार काही यायचं नाही. ते तुला लागलं असेल, नाही?"

अडीच वर्षं हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ती थांबली होती. आता विचारल्यावर तिला साधं "नाही हो" म्हणून सोडून देता आलं असतं.

"लागलं होतं," ती म्हणाली. "खूप लागलं होतं."

सदानंदने मान हलवली. बराच वेळ तो आरशात बघत राहिला, आणि आरशात मागच्या सीटवर पद्मजा होती.

घरी आल्यावर तिने विद्यापीठाला अर्ज लिहिला. विद्यापीठाच्या पावतीवर 'फी फक्त अभ्यासक्रमातील समजेची' असे शब्द होते, आणि बिलातल्या वेळा बघता कॉलनीतल्या पट्ट्या वाजल्या होत्या नवरे घरी यायच्या वेळी आणि सणासुदीच्या फोनच्या वेळी. तिने वेळांचा आलेख काढून जोडला. रथसप्तमीनंतर तिचा एकही धडा कुणी ऐकला नव्हता, तेव्हा ही समज अभ्यासाची नाही, आमच्या घराघरांतली आहे, असं खाली लिहिलं.

चार दिवसांनी दुकानात विद्याचा फोन आला. गिऱ्हाईक नव्हतं. सदानंदने फोनचा आवाज मोठा केला.

"अर्ज मान्य झाला आहे," विद्या म्हणाली. "अभ्यासक्रमाबाहेरची सर्व उमज बिलातून वजा करत आहोत. सवलत पूर्ववत. सौ. तारळेकर परीक्षेला बसू शकतात. उरलेल्या पट्ट्या त्या त्या महिलांच्या नावावर करत आहोत."

पद्मजाने गल्ल्याची कड घट्ट धरली. तिला ओरडावंसं वाटत होतं, पण समोरच्या रंगांच्या दुकानातली माणसं बघत होती.

"एक नोंद राहिली," विद्या पुढे म्हणाली. "पट्टी क्रमांक चोवीस. संध्याकाळ, शंभर फुटी रस्ता, चालत्या वाहनावर. तीही अभ्यासक्रमाबाहेरचीच दिसते. वजा करते."

"थांबा," सदानंद म्हणाला. "ती वजा करू नका."

"माफ करा, नियमानुसार आपल्याला सूट मिळते आहे."

आयुष्यात पहिल्यांदा सदानंद तारळेकरला कुणी न मागता सूट देत होतं. त्याने पद्मजाकडे पाहिलं, मग फोनकडे.

"सूट नको," तो म्हणाला. "तो डोसा मी खाल्लाय. त्याचे पूर्ण पैसे लावा."